पडद्याकडे बघून वाजवणारी माणसं

लिव्हरपूलहून मर्सी नदी ओलांडली की बर्कनहेड लागतं. तिथल्या सेंट जॉन्स चर्चमधला ऑर्गन १८८०च्या दशकाच्या अखेरीस एका टेलिफोन कंपनीतल्या वीजतज्ज्ञाने खोलून काढला. रॉबर्ट होप-जोन्स त्याचं नाव. चर्चमधल्या गाणाऱ्यांची तालीम तो हौसेने घ्यायचा. पोटापाण्याचं काम टेलिफोनच्या तारांचं. त्याने ऑर्गनच्या पट्ट्या आणि नळ्या यांच्यामधला लाकडी काड्यांचा पसारा काढून टाकला आणि मधे फक्त विजेची केबल ठेवली. मग पट्ट्यांचं मेज उचलून थेट चर्चबाहेर, आवारात नेऊन ठेवलं. वादक उघड्यावर बसला आणि सूर चर्चच्या आतून उमटले.

त्याआधीच्या बहुतेक ऑर्गनांमध्ये पट्टी दाबली की ती ओढ काड्या-तरफांमधून नळीखालच्या झडपेपर्यंत पोचायची. वादकाला नळ्यांना खेटून बसावं लागायचं, बरेचदा सगळ्यांकडे पाठ करून. होप-जोन्सने त्याला तिथून सोडवलं. त्याच्या डोक्यात सिनेमा नव्हता, असूच शकत नव्हता. लुमिएर बंधूंचा पहिला खेळ व्हायला अजून काही वर्षं होती. पण पुढे थिएटरात पडद्यासमोर बसून एकट्याने वादळ, आगगाडी, पाखरं आणि प्रेमप्रसंग वाजवणारा जो माणूस आला, त्याची बैठक इथे ठरली.

मी या विषयाकडे वळले ती नाटकामुळे. सांगलीत आमची हौशी संस्था होती. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचो आणि ध्वनी माझ्याकडे असायचा. कॅसेट होती, पण ती ऐन वेळी अडकेल या धास्तीने आमचे दिग्दर्शक महत्त्वाचे आवाज विंगेतच करायला लावायचे. गडगडाटाला पत्रा. पावसाला सुपात ज्वारी. घोड्याला करवंट्या, त्याही लाकडी पाटावर, कारण फरशीवर त्यांचा आवाज पोकळ होतो. या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर विंगेतून रंगमंच दिसला पाहिजे. नट आज एक श्वास जास्त थांबला तर पत्र्यानेही थांबायला हवं. क्यू, म्हणजे आवाज कधी द्यायचा त्याची खूण, कागदावर लिहिलेला असतो, पण द्यायचा असतो नटाकडे बघून.

पुढे मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहायला गेली आणि माझं तिकडे जाणं-येणं सुरू झालं. फ्रीमॉन्टच्या नाइल्स भागात एडिसन थिएटर म्हणून १९१३ सालचं एक छोटंसं थिएटर आहे. त्या काळी नाइल्समध्ये एसॅने या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ होता. चॅप्लिनने १९१५ साली तिथे काम केलं. आता थिएटरात मूकपटांचं संग्रहालय आहे, आणि शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवतात तेव्हा पडद्याजवळ पियानोवर कुणीतरी प्रत्यक्ष वाजवतं. फ्रीमॉन्टमध्ये मराठी घरं पुष्कळ. गणपतीत भेटेल त्याला मी या थिएटराबद्दल सांगत सुटते, कारण घरापासून दहा मिनिटांवर असूनही अनेकांच्या कानावर ते आलेलं नसतं.

तिथे पियानो ऐकताना मला पहिला प्रश्न पडला तो आमच्या धंद्यातला. दार आपटलं, बंदूक उडाली, घोडा धावला, तर आवाज कोण देत होतं?

देणारी माणसं होती. १९०८ च्या आसपास तर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या आवाजांचं वेडच लागलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बारी गावचा लायमन हाउ गावोगाव चित्रपटांचे खेळ घेऊन फिरायचा. त्याच्या पडद्यामागे आवाज करणाऱ्यांची पक्की तालीम झालेली चमू असायची; आगगाडी, कारखाना, समुद्र, गर्दी, सगळं तिथून. काही ठिकाणी पडद्यामागे नट उभे राहून संवादही म्हणायचे. छोट्या थिएटरांना एवढं परवडायचं नाही. तिथे पियानोवाल्याच्या शेजारी एक ढोलवाला बसायचा, आणि ढोलाभोवती घंटा, शिट्ट्या, करवंट्या, झांजा असं सगळं हाताशी मांडलेलं.

इंग्लंडमध्ये याच सुमारास ‘ॲलेफेक्स’ नावाचं यंत्र निघालं. एका कपाटवजा सांगाड्यात पन्नासेक आवाज आणि चालवायला एक माणूस. १९१२ साली छापलेलं त्याचं वर्णन वाचताना मी अक्षरशः हरखून गेले, कारण प्रत्येक युक्ती ओळखीच्या घरातली होती. वर एक ढोल, त्यावर साखळ्यांची जाळी टाकलेली. त्यावर काठी मारली की बंदुकीचा बार, भराभर मारली की फैरी. खाली पायाने चालवायचा भाता; त्याच्या जोडीला हँडल फिरवलं की इंजिनातून सुटणारी वाफ आणि बोगद्यातून जाणाऱ्या गाडीचा घरघराट. पाण्यासाठी खाचा पाडलेला लाकडी दंडगोल, आणि तिरक्या फळीवरून लोंबणाऱ्या साखळ्या. दंडगोल हळू फिरवला तर ओहोळ, जोरात फिरवला तर पाऊस, गारा, लाटा. घोड्याला उलट्या वाट्या, एकमेकींवर आपटणाऱ्या. मशीनगनला लाकडाच्या पट्ट्या, उचलून सोडल्या की ताडताड वाजणाऱ्या. आणि त्याच पट्ट्या वेगळ्या गतीने चालवल्या की जळत्या घराचा चटचटाट. मशीनगन आणि आग एकाच दांड्यावर! फरक फक्त हाताच्या वेगाचा. आमच्या सुपातल्या ज्वारीचंही तेच होतं. तिरकं, सावकाश घोळवलं की श्रावण, झटके दिले की वळीव.

या सगळ्याचा अतिरेकही झाला. त्या काळच्या चित्रपट व्यवसायाच्या अंकांतून तक्रारी छापून यायच्या. घोडा गवतावरून चाललाय आणि ढोलवाला दगडी रस्त्यावरच्या टापा वाजवतोय. पुढे दोन माणसांचा निरोपाचा प्रसंग चाललाय आणि मागे कोपऱ्यात एक गाय दिसते म्हणून तिच्या गळ्यातली घंटा किणकिणतेय. प्रेक्षकाचं लक्ष निरोपावरून उडून गाईवर. मला या तक्रारी शंभर टक्के पटतात. दिसेल त्याला आवाज द्यायचा हे काम करवंट्या हातात आल्यावर कुणीही करेल. आमच्या एका नाटकात अख्ख्या प्रवेशभर बाहेर पाऊस होता. बरीच वर्षं घर सोडून गेलेला मुलगा दारात उभा राहतो, त्या क्षणी दिग्दर्शकांनी मला पाऊस तोडायला लावला. बाहेर पाऊस खरोखर थांबला का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आई त्याला बघते, बस्स. प्रेक्षागृहात कुणाला पाऊस थांबल्याचं जाणवलंही नसेल, पण खुर्च्यांची कुरकुर बंद व्हायची. मूकपटातल्या चांगल्या वादकाला आणि आवाजवाल्याला हा निर्णय रोज, प्रत्येक खेळाला घ्यावा लागायचा. तोही अंधारात, प्रेक्षकांइतकंच पुढचं बघत.

आता परत होप-जोन्सकडे. १९०३ साली तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा इथे कारखाना काढला. न्यू जर्सीतल्या ओशन ग्रोव्हच्या प्रचंड सभागृहात १९०८ मध्ये त्याने बसवलेला ऑर्गन गाजला. माणूस कल्पनेचा राजा, पण हिशेबाच्या बाजूने कायम गाळात. १९१० मध्ये वाद्यं बनवणाऱ्या वुर्लिट्झर कंपनीने त्याचा कारखाना, हक्क आणि खुद्द त्यालाही आपल्याकडे घेतलं आणि सगळं त्याच राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाला हलवलं. थोड्याच काळात दोघांचं फाटलं. सप्टेंबर १९१४ मध्ये रॉचेस्टर शहरात होप-जोन्सने आत्महत्या केली. त्याच्या यंत्राला ज्या थिएटरांनी पुढे डोक्यावर घेतलं, त्यांची भरभराट त्याला बघायला मिळाली नाही. हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

वुर्लिट्झरने या वाद्याला ‘युनिट ऑर्केस्ट्रा’ म्हणून विकलं. एका माणसाच्या हाताखालचा अख्खा वाद्यवृंद. आपल्याला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा, पत्तीचा ऑर्गन डोळ्यासमोर येतो. हा नळ्यांचा. आणि याचं खरं शरीर प्रेक्षकाला दिसतच नाही. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, नक्षीदार जाळ्यांच्या मागे, खोल्या असतात. त्यांत लाकडाच्या आणि धातूच्या नळ्या उभ्या केलेल्या; सोळा फूट उंचीपासून पेन्सिलीएवढीपर्यंत. तळघरात विजेवर चालणारा पंखा, जो सतत हवा पुरवतो. चर्चमधल्या ऑर्गनच्या मानाने ही हवा दुपटी-तिपटीने जोरकस. वादकाने पट्टी दाबली की बारा-पंधरा व्होल्टचा बारीकसा प्रवाह केबलमधून जातो, नळीखालचं छोटं विद्युतचुंबक एक पातळ चकती ओढतं, एका चामड्याच्या पिशवीतली हवा निसटते, पिशवी आकसते, झडप उघडते आणि नळी बोलते. हे सगळं बोट उचलायच्या आत.

होप-जोन्सची दुसरी युक्ती काटकसरीची होती, आणि मला ती पहिलीपेक्षाही जास्त आवडते. बासरीच्या आवाजाची ९७ नळ्यांची एकच ओळ घ्यायची आणि तीच कधी खर्जात, कधी मध्यात, कधी वरच्या सप्तकांत, हव्या त्या पट्ट्यांवर जोडायची. जुन्या पद्धतीने यासाठी वेगवेगळ्या नळ्यांच्या चार ओळी लागल्या असत्या. त्यामुळे दहा-पंधरा ओळींचं वाद्य ऐकणाऱ्याला कितीतरी मोठं वाटायचं. वादकाच्या भोवती घोड्याच्या नालेच्या आकारात रंगीत खटक्यांच्या रांगा. कुठली ओळ कुठे जोडायची ते त्यांवरून ठरवायचं. नळ्यांच्या खोल्यांना लाकडी झडपा असतात. पायाखालची पावली दाबली की त्या उघडतात आणि आवाज फुलतो, सोडली की मिटतात आणि तोच आवाज दूर जातो. वरून हवेला कंप देणारं एक उपकरण. मूकपटातल्या रडवणाऱ्या प्रसंगांचा तो थरथरता सूर या कंपाचा.

आणि याच खोल्यांत ढोलवाल्याचं सगळं सामान! खरे ढोल, खऱ्या झांजा, खरा झायलोफोन, कॅस्टनेट, घुंगरांच्या माळा, आगीच्या बंबाची घंटा, दाराची बेल, मोटारीचा भोंगा, आगगाडीची आणि आगबोटीची शिट्टी. हवेच्या जोराने हलणारे छोटे हात हे सगळं वाजवायचे. घोड्याच्या टापांनासुद्धा वेगळं उपकरण. पाखराची युक्ती सगळ्यात गोड: बारीक नळीचं तोंड उलटं करून पाण्याच्या भांड्यात बुडवलेलं. हवा गेली की बुडबुड्यांमुळे सूर लहरतो आणि पाखरू चिवचिवतं. भांड्यातलं पाणी आटलं तर पाखराचा नुसता फुसका सूर निघतो, म्हणून कुणीतरी वेळच्या वेळी शिडी चढून, त्या अडचणीच्या खोलीत शिरून पाणी घालायचं. आजही घालावं लागतं. या सगळ्या आवाजांची बटणं वादकाच्या हाताशी नाहीतर पायाशी. ढोलवाला, आवाजवाला आणि अर्धा वाद्यवृंद एकट्याच्या दहा बोटांत आणि दोन पायांत आला.

मालकांना हे का हवं होतं ते उघड आहे. वीस वादकांचे पगार देण्यापेक्षा एकाचा पगार परवडतो. मोठ्या थिएटरांनी वाद्यवृंदही ठेवला आणि ऑर्गनही. मधल्या आणि छोट्या थिएटरांनी वाद्यवृंदाला रजा दिली. हे वाद्य मला मनापासून आवडतं, तरी त्याच्या जन्मातच कुणाची तरी नोकरी गेलेली आहे हे मला विसरता येत नाही. १९२६ च्या सुमारास नॉर्थ टोनावांडाच्या कारखान्यातून कामाच्या दिवशी जवळजवळ एक ऑर्गन बाहेर पडत होता. एकूण बावीसशेच्या वर ऑर्गन या एका कंपनीने घडवले. शिवाय रॉबर्ट मॉर्टन, किंबल, बार्टन, इंग्लंडातली कॉम्प्टन या कंपन्या होत्याच.

पालो अल्टोच्या स्टॅनफर्ड थिएटरात मी हे पहिल्यांदा जवळून बघितलं. १९२५ सालची इमारत, आत भिंतींवर रंगवलेली नक्षी, आणि वुर्लिट्झर. त्या दिवशी बस्टर कीटनचा ‘द जनरल’ होता. १९२६ चा, अमेरिकन यादवी युद्धातला, अख्खा आगगाडीवर बेतलेला. मी मुद्दाम बाजूची खुर्ची घेतली, वादकाचे पाय दिसतील अशी. मनात एकच होतं: सगळा चित्रपट इंजिनाचा, आणि पायाशी शिट्टीचं बटण. हा माणूस किती वेळा दाबणार?

सुरुवातीला एक प्रसंग आहे. नायकाला सैन्यात घेतलेलं नाही, प्रेयसीने तोंड फिरवलंय, तो खिन्न होऊन आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर बसतो. इंजिन हळूच निघतं. दांडा वर जातो, खाली येतो, त्याच्यासकट. आणि त्याला पत्ताच नाही. वादकाने इथे वाफेचा आवाज दिला नाही, शिट्टी दिली नाही. वरच्या पट्ट्यांवर त्या मुलीची म्हणून आधी वाजवलेली साधी धून फार सावकाश चालू ठेवली, आणि दांडा हलला तसा डावा पाय खर्जाच्या दोन सुरांवर आलटून पालटून पडू लागला. वर, खाली. वर, खाली. धून दुःखाचीच राहिली, तिच्याखाली चाक फिरायला लागलं. लोक हसत होते आणि माझ्या घशाशी आलं होतं. शेवटी जळका पूल कोसळून इंजिन नदीत पडतं, ते खरोखरचं इंजिन कीटनने ओरेगॉनमध्ये खरोखर पाडलं होतं. तिथे मला वाटलं आता झांजा, ढोल, सगळं. त्याने तळव्यांनी आणि दोन्ही पायांनी खर्जाचा एक प्रचंड गोळा दाबला, थिएटरची जमीन थरथरली, आणि इंजिन पाण्यात पडल्यावर त्याने हातपाय उचलले. पडद्यावर नुसती वाफ. मग शत्रूच्या सेनापतीचा चेहरा, आणि तोपर्यंत काही नाही. शिट्टी त्याने पूर्ण चित्रपटात अगदी मोजून वापरली, जिथे पडद्यावरच्या माणसाला ती ऐकू येऊन तो वळतो तिथे.

हे शिकवायचं कसं? १९२० च्या दशकात त्याचीही सोय झाली होती. कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने रॉचेस्टरला संगीत विद्यालय काढलं, तिथे १९२२ पासून चित्रपटाला ऑर्गनची साथ करायचं शिक्षण मिळायचं, पडदा लावून. होप-जोन्स ज्या शहरात वारला त्याच शहरात, आठ वर्षांनी. प्रसंगानुसार धुना निवडण्यासाठी पुस्तकं निघाली होती. १९२४ सालच्या एर्नो रापेच्या जाडजूड संग्रहात तर प्रत्येक पानाच्या समासात प्रसंगांची यादी छापलेली, म्हणजे वाजवता वाजवता एका नजरेत ‘पाठलाग’वरून ‘प्रार्थने’वर उडी मारता यावी. स्टुडिओही चित्रपटाबरोबर क्यूंचे कागद पाठवायचे. पण खरं शिक्षण दुसऱ्या वादकाच्या शेजारीच व्हायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या लिंकन थिएटरात फॅट्स वॉलर हा जॅझ वादक ऑर्गन वाजवायचा, तेव्हा अजून पोरगेलाच होता. काउंट बेसी रोज पुढच्या खुर्चीत येऊन बसायचा. एक दिवस वॉलरने त्याला आत बोलावलं. बेसी चक्क जमिनीवर बसला, वॉलरचे पाय खर्जाच्या पट्ट्यांवर कसे फिरतात ते बघत, आणि स्वतःच्या हातांनी त्या पायांची नक्कल करत शिकला. मग वॉलरने त्याला शेजारी बाकावर घेतलं. पुढे जॅझच्या इतिहासात ज्याचं नाव इतकं मोठं झालं, त्याचा एक धडा चित्रपट चालू असताना, अंधारात, फरशीवर बसून झाला. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याला याहून वेगळं काय मिळतं?

६ ऑक्टोबर १९२७ ला न्यूयॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट लागला आणि दोन-तीन वर्षांत सगळं उलटलं. थिएटरांतले हजारो वादक बेकार झाले. त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांतून मोठमोठ्या जाहिराती दिल्या, प्रत्यक्ष संगीताच्या जागी यंत्रमानव बसवू नका म्हणून. उपयोग झाला नाही. वाद्यवृंदांना घरी पाठवणारा ऑर्गनवालाही त्याच दाराने बाहेर गेला. गंमत नव्हे, दैव म्हणा: न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा ५८ ओळींचा वुर्लिट्झर, त्या कंपनीने थिएटरसाठी घडवलेला सगळ्यात मोठा, १९३२ साली बसला. तोवर चित्रपटांना त्याची गरज उरली नव्हती.

रोझा रिओ या बाईंचं आयुष्य मी यासाठीच पुन्हा पुन्हा वाचते. जन्म १९०२. ईस्टमनच्या विद्यालयात शिकल्या, मूकपटांना साथ केली, बोलपट आल्यावर रेडिओवर गेल्या आणि वर्षानुवर्षं तिथल्या श्रुतिकांना ऑर्गनची साथ देत राहिल्या. म्हातारपणी फ्लोरिडात राहायला आल्या, तर तिथल्या टॅम्पा थिएटरात १९२६ चा वुर्लिट्झर दुरुस्त होऊन पुन्हा लागलेला. बाई परत मूकपटांना बसल्या. २००९ मध्ये, १०७ व्या वर्षीसुद्धा, पडद्याकडे बघून वाजवत होत्या. २०१० ला गेल्या. त्यांना बघून वाजवायला शिकलेले लोक आज साथीला बसतात, म्हणजे धागा पूर्ण तुटला नाही.

आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबला असायचा, आणि मुंबईत परदेशी चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरांत गोव्याचे वादक व्हायोलिन, पियानो घेऊन बसायचे. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणारी ती माणसं होती, चर्चच्या शाळांतून तयार झालेली. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि त्यांच्यावरही तीच वेळ आली. पण इथे एक वळण वेगळं पडलं. आपले बोलपट गाण्यांनी भरलेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणाला वादक लागत होते. गोव्याच्या वादकांना हळूहळू मुंबईच्या स्टुडिओंत जागा मिळाली, आणि पुढची कित्येक दशकं हिंदी चित्रपटांच्या गाण्यांतलं व्हायोलिन आणि ट्रंपेट बव्हंशी त्यांच्या हातचं. अमेरिकेतल्या वादकांना हे भाग्य एवढ्या प्रमाणात लाभलं नाही.

वाद्यांचं काय झालं? काही भंगारात गेली. काही स्केटिंगच्या मैदानांवर, काही चर्चमध्ये. १९६० च्या दशकात फ्रीमॉन्टच्या शेजारी हेवर्डला एका पिझ्झाच्या दुकानात थिएटर ऑर्गन बसला आणि मग अमेरिकाभर तशी दुकानं निघाली. ॲरिझोनात मेसा इथल्या अशा एका दुकानात डेन्व्हरच्या थिएटरातून आलेला वुर्लिट्झर वाढवत वाढवत हजारो नळ्यांचा झालाय. पुष्कळांना पिझ्झा खात ऑर्गन ऐकणं कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. तिथे पोरं टाळ्या वाजवत नळ्यांकडे बोट दाखवतात, आणि वाद्य वाजतं राहतं. न वाजणाऱ्या ऑर्गनचं चामडं सुकून तडकतं. एकेका वाद्यात त्या चामड्याच्या छोट्या पिशव्या हजारोंनी असतात. हौशी मंडळी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी बसून एकेक पिशवी सोडवतात, नवं चामडं कापून डकवतात, परत बसवतात. हे काम बघितल्यापासून मला त्या लोकांविषयी फार आदर आहे.

आवाज देणारी माणसं मात्र संपली नाहीत. ती स्टुडिओत गेली. पडद्यावरच्या पावलांना पावलं देणारे फोली कलाकार आजही मुंबईत आहेत. वाळूच्या, फरशीच्या, पाचोळ्याच्या चौकटींवर चालतात, पडद्याकडे बघत. त्यांची करामत मी मानते. पण त्यांचा आवाज एकदा मुद्रित झाला की कायमचा. समोरचा प्रेक्षक आज रडवेला आहे की चुळबुळतोय, हे त्यांना कळायचा मार्ग नाही.

म्हणून सध्या मी एका गोष्टीच्या मागे लागले आहे. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बऱ्यापैकी शिल्लक आहे. कृष्ण झालीय त्यांची स्वतःची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती पोर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते, एकामागून एक, आणि मग कृष्णाच्या वेषात जाते. इथे संगीत नको, असं माझं मत पक्कं झालंय. फार तर पेटीचा एक धरलेला षड्ज. गोकुळातल्या खोड्यांना ढोलकी चालेल, पण जपून. कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा मला पाण्याचा आवाज काढायचा मोह होईल, परातीत पाणी घेऊन काढताही येईल, पण तो काढायचा नाही. काठावरच्या लोकांच्या चेहऱ्यांवर तेव्हा काय आहे ते दिसलं पाहिजे. झटापटीला पखवाज, एकटा. फण्यांवरच्या नाचाला तोच पखवाज, फक्त लय चढी, आणि नागपत्नी हात जोडून पुढे येतात तिथे हात उचलायचा.

सांगलीत जुन्या मंडळींपैकी दोघं तयार आहेत, पेटीवाले मिळाले आहेत. पखवाज वाजवणारा हवा आहे, ज्याला बोलांच्या कागदापेक्षा पडद्याकडे बघायला आवडेल असा.